आर्बकल यांची कारकीर्द १९२१मध्ये संपली नव्हती

मूकपटांवरील रविवार पुरवणीतील लेखात, अमेरिकी विनोदी नट व दिग्दर्शक रॉस्को आर्बकल यांची कारकीर्द १९२१च्या प्रकरणाने (अभिनेत्री व्हर्जिनिया रॅप यांच्या मृत्यूचा त्यांच्यावर आलेला आरोप) संपली, असे म्हटले आहे. हे अर्धसत्य आहे. १२ एप्रिल १९२२ रोजी तिसऱ्या खटल्यात ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले, वर लेखी दिलगिरीही व्यक्त केली. तरी सहाच दिवसांत अमेरिकी चित्रपट उद्योगाच्या संघटनेचे प्रमुख विल हेज यांनी त्यांच्या चित्रपटांवर बंदी आणली. ती डिसेंबरात उठली, पण निर्माते बिचकलेलेच राहिले. मग ‘विल्यम गुडरिच’ या टोपणनावाने त्यांनी दिग्दर्शन केले. ‘द रेड मिल’च्या (१९२७) श्रेयनामावलीत हेच नाव आहे. १९३२मध्ये व्हायटाफोन या कंपनीच्या बोलक्या लघुपटांतून ते पडद्यावरही परतले. मूकपटांतील विनोदवीर बस्टर कीटन यांना १९१७मध्ये ‘द बुचर बॉय’मधून पहिली संधी देणारे दिग्दर्शकही आर्बकलच. कीटन यांच्या स्तुतीत लेखक हे विसरले, याचे नवल वाटते.

– एक वाचक, ठाणे