नाना, टेप चालू आहे

प्रिय विन्या,

बऱ्याच महिन्यांनी लिहितोय, तेव्हा आधी काय शिव्या घालायच्या त्या घालून घे. तब्येत बरी आहे. गुडघा आहे तसाच, हिची बीपीची गोळी चालू. झालं, आता कामाचं.

शरूने घर आवरताना तुझा तो जुना प्लेअर माझ्याकडे पाठवला. एमपीथ्री सीडी वाजवणारा, झाकणाची कडी तुटलेला. (कडी तू तोडलीस आणि नाव बाळ्याचं घेतलंस, हे मी अजून विसरलेलो नाही.) मला वाटलं मेला असेल. चार्जिंगचे सेल घातले तर लगेच बॅटरी संपल्याचं चिन्ह. ते सेल १.२ व्होल्टचे, साधे पेन्सिल सेल १.५ चे, आणि म्हाताऱ्याला तेवढाही फरक खपत नाही. साधे घातल्यावर मात्र गुरगुरला आणि फिरायला लागला. हाताशी नानांच्या वाचनाची, तू कॅसेटींवरून भरलेली सीडी होती, तीच टाकली.

विन्या, कॉम्प्युटरवर त्या सीडीत आठ फाइली दिसतात. कायम आठच दिसल्या. तुझ्या डब्यावर चौदा आल्या.

मला आधी वाटलं, पडदा बिघडला. मग पहिली लावली. नानांचा खोकला. मग कुणीतरी दार लावतं. मग नाना, "अरे, तो पंखा बंद करा, पानं उडतायत." मी ताडकन उठून बसलो. तू साफ केलेल्या नानांच्या आवाजात पंखा नाही, खोकला नाही, दार नाही. हे ते होतं, जे तू कापून टाकलंस आणि "मूळ काही उरलेलं नाही" असं माझ्या तोंडावर सांगितलंस. ज्यावरून आपण अख्खा पावसाळा एकमेकांशी बोललो नाही.

तू खोटं बोलला नव्हतास, हे आता कळतंय. तुलाही माहीत नसणार. तू सीडी एकदा भरलीस आणि पुढे भर घालता यावी म्हणून उघडी ठेवलीस, मल्टिसेशन की काय ते. मग कापाकापी केलेल्या फाइली दुसऱ्या खेपेला भरल्यास, आणि भरताना आधीचं सेशन, म्हणजे पहिली खेप, जोडून घेतलं नाहीस. कॉम्प्युटर शेवटचं सेशन बघतो, त्यामुळे त्याला आठ दिसतात. तुझा हा पहिल्या पिढीतला डबा फक्त पहिलं सेशन वाचतो, पुढे काही आहे हे त्याच्या गावीही नाही. अशा एकदाच लिहायच्या सीडीवरून काही पुसता येत नाही, फक्त यादीतून नाव जातं. सीडी उजेडात तिरकी धर, आतून बाहेर दोन वलयं स्पष्ट दिसतात, मध्ये एक बारीक रेघ. इतकी वर्षं ती माझ्या कपाटात होती आणि मी तिला कधी तिरकं धरलं नाही, कारण कोण धरतं?

हिशेबही जुळतो. आठ तासांचे २३० एमबी दिसतात, चौदा तासांचे ४०० दडलेले, वर दोन सेशनांच्या मधल्या भिंतीचे वीसेक. ७०० च्या आत आरामात. म्हणजे नानांनी जितकं वाचलं, त्याच्या पाऊणपट ते इकडचं तिकडचं बोलले. आवाज दाबून सेकंदाला ६४ हजार बिटांवर आणि मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच, केलंस म्हणून मी तुला कंजूस म्हणालो होतो ना? १२८ वर सगळी सीडी साडेबारा तासांत संपली असती आणि नाना चौदा तास बोललेत. या एका बाबतीत तू सुटलास. फाइलींच्या नावांच्या बाबतीत नाही. आकड्यांआधी शून्य लावायला काय झालं होतं? एकनंतर थेट दहावी वाजते. नाना नदीकाठी उभे असतात ते एकदम लग्नाच्या मांडवात. पुढे दोन नंबरची येईपर्यंत अर्धं कुटुंब मेलेलं असतं.

ऐकणं म्हणजेही दिव्य आहे. तासातासाच्या फाइली, मधलं काही हवं असेल तर बटण दाबून धरायचं आणि अंगठा बधिर होईपर्यंत वाट बघायची. झाकण उघडलं की कुठे होतो ते विसरतो. आणि मध्येच सीडी फिरायची थांबते. पहिल्यांदा थांबली तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. पण नाना बोलतच होते. दाबलेला आवाज इतका छोटा असतो की चार-दोन सेकंदांत काही मिनिटांचं वाचून ठेवतो आणि मोटर झोपवतो. धक्का बसला तरी अडखळू नये, सेल वाचावेत म्हणून. माहीत होतं मला हे, तूच कधीतरी सांगितलं होतंस. तरी दर वेळी डब्यावर हात ठेवून बसतो.

आता सातवी फाइल.

नदीचं वर्णन संपतं, नाना दम घेतात, पान उलटल्याचा आवाज येत नाही. मग धाकट्याबद्दल बोलतात. मी इथे लिहीत नाही. तू समोर बसला होतास, तुला माहीतच आहे. शेवटी तुझा आवाज येतो, अगदी पोरगेलासा, "नाना, टेप चालू आहे." आणि नाना म्हणतात, "असू दे."

म्हणून कापलंस होय. खोकले, पंखे, दारं सगळी त्यासाठी साफ केलीस? एक तुकडा काढला असतास तर दिसला असता, म्हणून सगळंच काढलंस? मला सांगायला काय झालं होतं, गाढवा? मी खोकल्यासाठी भांडत राहिलो आणि तू "लोकांना स्वच्छ ऐकायला हवं" म्हणत राहिलास. तरीही तुला तो हक्क होता असं मला वाटत नाही. नाना असू दे म्हणाले होते. पण रात्री पुन्हा वाटतं, कुणासाठी असू दे? आपल्या दोघांसाठी? सगळ्यांसाठी? की कंटाळून म्हणाले, जसं चहा सांडला तरी म्हणायचे?

हे तुला आजच का लिहितोय, तर नंदा रविवारी येतेय. नानांचं जे जे असेल ते तिला हवंय, नातवाला आजोबांच्या बापाचा आवाज ऐकवायचाय. ती सीडीच मागतेय, "तशीच दे, मी उतरवून घेते." आता बघ गंमत. सीडी दिली तर तिच्या कॉम्प्युटरवर आठच फाइली दिसतील. देऊनही दिलं नाही, असं होईल. कधी कुणी हुशार पोराने दोन वलयं बघितली, तर चौदाही निघतील, आणि तेव्हा आपण दोघं सांगायला असू की नसू.

मी जुनं सेशन उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर मिळवलं, बाहेरून जोडायचा ड्राइव्ह लावला. तेरा फाइली निमूट उतरल्या. सातवी अडकली. नेमकी तीच, दुसरी कुठली अडकणार? ड्राइव्ह घरघरतो, वेग कमी करतो, शेवटी वाचता येत नाही म्हणून अख्खी फाइलच सोडून देतो. कारण उघड आहे. वरच्या बाजूला तू मोठ्या प्रेमाने बॉलपेनने "नाना" लिहिलंस. लोक खालची बाजू जपतात, पण खाली जाडजूड प्लॅस्टिक असतं. माहितीचा थर वरच्या पातळ वार्निशाच्या लगेच खाली. तुझ्या काना-मात्रांनी तो दाबला गेलाय, तिरकी धरली की खळगे दिसतात. मार्कर नव्हता का घरात?

प्लेअर मात्र ती वाजवतो. त्याला फाइल पूर्ण मिळालीच पाहिजे असं काही नसतं, तुकडा बिघडला तर एक चिवचिव करून पुढचा घेतो. असे तुकडे सेकंदाच्या चाळीसाव्या भागाएवढे असतात, एखाददुसरा गेला तरी वाक्य कळतं. म्हणजे सातवी फाइल वाचवायची तर एकच मार्ग उरतो. हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरला लावायची, बेस वाढवायचं बटण बंद, आवाज मध्यम, पुन्हा एमपीथ्री न करता सरळ वेव्हमध्ये, म्हणजे न दाबता, भरायचं, आणि तासभर तिथे बसायचं. बाकीच्या तेरा मशीनने उतरवल्या, मी काही केलं असं म्हणता येत नाही. ही मला बसून, ऐकून, मुद्दाम उतरवावी लागणार. वायर आणून ठेवलीय. लावलेली नाही.

हिला सांगितलं नाही. बाळ्याला सांगायचा प्रश्नच नाही, तो उद्या सगळ्यांना फोन करेल.

मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, त्या कॅसेटी खरंच गेल्या का? "दुसरं काहीतरी भरलं" हे तू तेव्हा रागाने बोलला होतास की खरं? सातवी कॅसेट कुठल्या डब्यात असली तर ही सगळी मारामार वाचेल. दोन, नाना ते बोलून झाल्यावर, टेप बंद केल्यावर, आणखी काही म्हणाले का? तिथून फाइल सरळ पुढच्या प्रकरणावर जाते. मध्ये किती वेळ गेला, हे फक्त तुलाच माहीत आहे.

ईशाचं ऑपरेशन नीट झालं, हे शरूकडून कळलं. तुझ्या नव्या साहेबाचंही ऐकलं; टिकलास तर कळव, नाही टिकलास तरी कळव. घर बदललंस म्हणे, पत्ता शरूनेच दिला.

रविवारच्या आत फोन कर. मेसेज नको, माझा फोन हल्ली हीच वाचून दाखवते.

तुझा,
दिग्या

ता. क. तुझ्या हेडफोनचा डावा कान गेलाय. नाना मोनोत आहेत म्हणून चाललं.