दारूखान्यातल्या लोहारकाकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा घ्या" म्हणून विषय बदलता, म्हणून हे लिहून काढतेय. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुमच्यासारखं काम करणारी माणसं या मुंबईत आहेत हे लोकांना कळायला हवं. नाव आणि गल्ली मात्र सांगत नाही, तुम्हीच नको म्हणालात. रे रोडच्या दारूखान्यात, भंगाराच्या गोदामांमागे एका माणसाची भट्टी आहे, एवढंच.

तुम्ही माझ्यासाठी घडवलेली सुरी घरी आणली त्या रात्री ओट्याजवळच्या दिव्याखाली कितीतरी वेळ ती नुसती बघत बसले होते. चार इंचांचं पातं, पाठीला जाड. वरच्या भागावर भट्टीचा काळा थर तुम्ही तसाच ठेवलाय, त्यातले हातोड्याचे ठोके बोटाला लागतात. खाली धारेकडे घासलेली पांढरी पट्टी. मूठ शिसवीची, आणि पितळी रिवेटा लाकडाशी अशा एकजीव झाल्यात की डोळे मिटून बोट फिरवलं तर लाकूड कुठे संपलं आणि पितळ कुठे सुरू झालं ते समजत नाही. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत अखंड गेलंय, ते दोन्ही कडांनी दिसतं. मधल्या बोटावर आडवी ठेवली तर ना टोकाकडे झुकते ना मुठीकडे. घरात काथ्याची जुनी दोरी होती, ती एका ओढीत तुटली, धागा न विस्कटता.

पण मला सांगायचंय ते त्या लाकडाच्या तुकड्याबद्दल.

माझ्या उजव्या हाताची तर्जनी लहानपणी दारात चेंगरली. तेव्हापासून ती मधल्या सांध्यात वाकत नाही. लिहिणं होतं, लोकलचा दांडा धरणं होतं, कडा चढणंही होतं. सुरी धरली की मात्र ते बोट बाजूला ताठ राहतं, सगळा जोर अंगठ्यावर आणि मधल्या बोटावर येतो, थोड्याच वेळात अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागते. हात ओला असला तर मूठ हातात फिरते. डोंगरात, पावसात, धारदार पातं हातात फिरणं किती वाईट, हे वेगळं सांगायला नको.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोन ठिकाणी पैसे घातले. पहिली सुरी एका मोठ्या दुकानातली. चकचकीत पातं, पोकळ मूठ, मुठीच्या टोपणात होकायंत्र आणि आत गळ नि काडेपेटी. खांडसकडून भीमाशंकरला जाताना मुक्कामाला एक वाळकं लाकूड फोडायला घेतलं आणि पातं मुठीपासून सुटून बाजूला पडलं. आत पाहिलं तर पोलाद मुठीत गेलेलंच नव्हतं, बोटभर लांबीच्या एका बोल्टवर सगळा डोलारा उभा होता. माझ्या शेजारी एक कॉलेजची मुलगी बसली होती. तिला लागलं नाही हे नशीब. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे शोसाठी असतं." विकताना हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

दुसरे कारागीर म्हणवणारे होते. त्यांना बोटाचा फोटो पाठवला, सगळं समजावून सांगितलं, आगाऊ पैसे भरले. खूप दिवसांनी आली ती इतरांना गेली तीच सुरी, तीच मूठ. विचारलं तर उत्तर आलं, "हाताला सवय होईल." आयुष्यभर हे ऐकत आलेय मी. शाळेत, शिवणकामाच्या वर्गात, नोकरीत. वस्तू कधी बदलायची नसते, बदलायचं ते माझ्या हातानं. ते उत्तर वाचून मी नाद सोडला होता.

तुमच्याकडे एका मित्रानं जवळजवळ ओढतच आणलं. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "ताई, सुरीचं काम काय?" मी सांगितलं: दोरी, कांदे-बटाटे, चुलीसाठी ढलप्या. मग तुम्ही म्हणालात की चार इंचांच्या वर पातं करणार नाही, कामाला लागत नाही आणि मुंबईत फिरायचं असतं. १९५९ चा शस्त्र कायदा, २०१६ च्या नियमांमधली ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदीची मर्यादा, सगळं तुम्हाला पाठ. आणि वर हेही, की त्याहून लहान असली तरी लोकलमध्ये म्यानात, कपड्यात गुंडाळून, सॅकच्या तळाशीच ठेवायची. विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला लहान वस्तू घ्यायला सांगावं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मग तुम्ही माझा हात मागितलात. उलटा केलात, सुलटा केलात, ते ताठ बोट दोन चिमटीत धरून किती वाकतं ते पाहिलंत. कीव नाही, अवघडलेपण नाही, कुठून कसं झालं याची चौकशी नाही. कोपऱ्यातून आंब्याच्या फळकुटाचा एक तुकडा घेतलात, कानशीनं दहा मिनिटांत त्याला मुठीचा आकार दिलात आणि खिशातल्या पेन्सिलीसकट माझ्या हातात ठेवलात. "घरी घेऊन जा. टीव्ही बघताना, फोनवर बोलताना नुसतं धरून बसा. जिथं दुखेल तिथं खूण करा."

काका, मी रे रोड स्टेशनच्या फलाटावर तो तुकडा हातात धरून उभी होते आणि मला रडू येत होतं. जिथं दुखेल तिथं खूण करा. असं मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

मी खुणा करून आणल्या. तुम्ही तेवढंच लाकूड काढलंत आणि परत पाठवलंत. पुन्हा खुणा, पुन्हा कानस. उजव्या बाजूला आज मुठीला जो उथळ खोलगा आहे, त्यात माझं न वाकणारं बोट आडवं जाऊन बसतं आणि मूठ फिरत नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात ती सुरी थोडी विचित्रच लागते. आमच्या ग्रुपमधल्या एकानं धरून पाहिली आणि म्हणाला, "ही तुझीच आहे." पन्नाशीच्या जवळ आलेय मी, आणि माझ्या हाताच्या मापानं केलेली ही माझी पहिली वस्तू.

पोलादाबद्दल तुम्ही जे केलंत तेही लिहायलाच हवं. सगळे ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची सुरी करतात, स्वस्त पडते. तुम्ही तसला एक पाटा ऐरणीवर तोडून दाखवलात. तुटलेल्या तोंडावर एक काळपट रेघ होती. वर्षानुवर्षं ओझ्याखाली वाकून वाकून पडलेली चीर, बाहेरून अजिबात न दिसणारी. म्हणून तुम्ही त्याच जातीची कोरी पट्टी आणलीत. पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करताना, शटर अर्धं ओढून अंधार केलात, तापलेल्या पोलादाचा रंग नीट दिसावा म्हणून. लोहचुंबक चिकटेनासं झालं, त्यानंतर थोडा रंग आणखी चढू दिलात आणि पातं तेलात. पाण्यात का नाही, तर हे पोलाद पाण्यात तडकतं. नंतर साध्या ओव्हनमध्ये २०० अंशांच्या आसपास दोनदा शेकलंत, पात्यावर वाळल्या गवताचा रंग येईपर्यंत. यातलं काहीही गिऱ्हाइकाला कधी दिसलं नसतं. न करताही चाललं असतं, पहिल्या दुकानदाराचं चाललंच होतं की.

परवा राजमाचीला उधेवाडीत मुक्काम होता. पाऊस असा की सरपण आतपर्यंत भिजलेलं वाटत होतं. मनगटाएवढं एक लाकूड उभं धरलं, त्यावर सुरी ठेवली आणि दुसऱ्या लाकडानं पाठीवर ठोकलं. भीमाशंकरच्या वाटेवर नेमकं हेच करताना पातं सुटलं होतं, त्यामुळे पहिल्या ठोक्याला छातीत धडधडत होतं आणि सगळ्यांना लांब बसवलं होतं. लाकूड सरळ उभं चिरलं. आतला गाभा कोरडा होता. त्याच्या पातळ ढलप्या काढल्या, कडेला कुरळ्या होतील अशा, आणि चूल पेटली. मग तिच्यावर पिठलं. कांदे मीच चिरले, ढीगभर. अंगठ्याला कळ आली नाही.

ज्यांच्या पडवीत उतरलो होतो त्या मावशींनी सुरी मागून घेतली. धारेवर अंगठा आडवा फिरवला, नखावर टेकवून पाहिली, पाठीवर टिचकी मारून कानाशी नेली. जन्मभर कोयता चालवलेली बाई. म्हणाल्या, "पाणी झ्याक दिलंय. कुठला लोहार?" मी म्हटलं, मुंबईचा. त्यांचा विश्वास बसला नाही. तुमची खरी पावती ही, काका, माझं पत्र नव्हे.

कांद्यानं पात्यावर निळसर-करडी छटा आलीय. तुम्ही सांगितलं होतंत, तो गंज नव्हे, घासून काढू नका. नाही काढली. लिंबू कापलं की लगेच धुऊन पुसते, खोबरेल तेलाचं बोट फिरवते, आणि घरी आल्यावर चामड्याच्या म्यानात ठेवत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत चामडं ओल धरतं हे लक्षात ठेवलंय.

या शहरात धावपळ सगळ्यांनाच आहे, ते खरं. पण समोरच्याचं ऐकून घ्यायला किती वेळ लागतो? तुम्हाला दहा मिनिटं आणि आंब्याचं एक फळकूट लागलं. आमच्या लालबागच्या नाक्यावरचा चांभार चप्पल शिवण्याआधी टाच कुठे झिजलीय ते बघतो आणि पालिकेच्या दवाखान्यातली एक सिस्टर सुई टोचण्याआधी कुठल्या हातानं काम करता असं विचारते. हीही तुमच्याच जातकुळीतली माणसं. त्यांच्यामुळे इथे राहणं सोसतं.

आता एक भांडण. तुम्ही पैसे फार कमी घेतलेत. कोऱ्या पट्टीचे धरले नाहीत, त्या फळकुटावरच्या मेहनतीचे तर नाहीच नाही. मी हिशोब करून उरलेली रक्कम पाकिटात घातलीय. येत्या शनिवारी दुपारी येतेय, धार लावायला शिकायचंय, त्यासाठी निसणाही विकत घेतलाय. पाकीट घ्यायला नाही म्हणू नका.

तुमची,
लालबागची ताई