ताफ्यातली जागा

दापोली,
१४ जुलै

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलेस की दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांची एवढी दहशत असताना चाळीस-पन्नास मालवाहू जहाजे एकत्र पाठवण्यात शहाणपण ते काय होते, ती तर शत्रूपुढे वाढलेली पंगतच झाली. तेव्हा मी काहीतरी तुटक उत्तर दिले, पण प्रश्न मनातून जाईना. चार दिवस पाऊस उघडायचे नाव घेत नाही, म्हणून आज सवडीने लिहायला बसलो आहे.

तू जन्मभर गणित शिकवलेस, त्यामुळे पहिली गोष्ट तुला लगेच पटेल. अटलांटिक इतका अफाट आहे की त्यात एकटे जहाज हुडकणे जितके कठीण, जवळजवळ तितकेच कठीण चाळीस जहाजांचा ताफा हुडकणे. चाळीस जहाजे चाळीस वाटांनी सोडली, तर पाणबुडीला चाळीस वेळा संधी मिळते. एकत्र सोडली, तर बहुतेक पाणबुड्यांना ती दिसतच नाहीत. शिवाय जहाजे दुप्पट केली तरी ताफ्याचा परीघ त्या मानाने फारच थोडा वाढतो, म्हणजे तेवढ्याच युद्धनौकांना दुप्पट जहाजे राखता येतात. पॅट्रिक ब्लॅकेट या शास्त्रज्ञाने युद्धाच्या मध्यावर आकडेमोड करून हे ब्रिटिश नौदलाला दाखवून दिले आणि त्यानंतर ताफे मोठे होत गेले. कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून मात्र पहिला ताफा १६ सप्टेंबर १९३९ लाच निघाला होता. पहिल्या महायुद्धात ताफ्यांना उशीर करून हात पोळल्यामुळे या वेळी विलंब झाला नाही.

कागदावर हे सोपे दिसते. पण मी तीस वर्षे इंजिनरूममध्ये काढली आहेत, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर येते ते त्या जहाजांच्या पोटातले काम. नऊ-दहा रांगा, दोन रांगांत अर्ध्या सागरी मैलाचे अंतर, एका रांगेतल्या दोन जहाजांत जेमतेम चार-सहाशे यार्ड, रात्री दिवा नाही आणि भोवती सगळी वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या इंजिनांची जहाजे. आपली जागा राखायची तर ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकण्याच्या वरच्या जागेवरून, सारखा हुकूम येणार, इंजिनाचे दोन फेरे वाढवा, तीन फेरे कमी करा, आणि तो रात्रभर थांबणार नाही. कोळशावरच्या जहाजात आगवाल्याने बॉयलरमध्ये कोळसा अशा हाताने टाकायचा की वाफही उतरू नये आणि काळा धूरही निघू नये, कारण तो धूर क्षितिजापलीकडून दिसतो. धुके पडले की प्रत्येक जहाज पिछाडीला लांब दोराने एक लाकडी तरंगता बोया ओढत नेई. त्याला लावलेल्या पन्हळीतून पाण्याचा तुरा उडे आणि मागच्या जहाजाचा पहारेकरी नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, उभा राहून तेवढ्या पांढऱ्या तुऱ्यावर नजर रोखून असे. तुरा दिसेनासा झाला तर आपण मागे पडलो, पायाखाली आला तर पुढच्याच्या पिछाडीवर आदळणार. मी धुक्यात जहाज चालताना रडार असूनही तळहाताला घाम सुटलेला अनुभवला आहे. ती माणसे नुसत्या तुऱ्यावर महासागर पार करीत होती.

आणि या जागा राखण्याचा दुसरा अर्थ फार कठोर होता. शेजारच्या जहाजाला टॉर्पेडो लागला तरी आपण थांबायचे नाही. थांबलेले जहाज हे पाणबुडीचे पुढचे भक्ष्य, आणि मागून येणारे त्यावर चढण्याचा धोका वेगळाच. पाण्यात पडलेल्या माणसांना उचलण्यासाठी खास बचावजहाजे ताफ्याच्या मागे ठेवायला १९४१ उजाडावे लागले. त्याआधी बुडणाऱ्यांच्या हाका ऐकत पुढे निघून जायचे, एवढेच हाती असे. हा नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण तो पाळणाऱ्याला पुढे कधी शांत झोप लागली असेल का, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

‘सिटी ऑफ बनारस’ची हकीकत मी तुला कधी सांगितली नाही. १३ सप्टेंबर १९४० ला ती लिव्हरपूलहून कॅनडाकडे निघाली, तेव्हा तिच्यावर बॉम्बवर्षावापासून दूर पाठवलेली ९० मुले होती. १७ तारखेच्या पहाटे सोबतच्या युद्धनौका दुसऱ्या, येणाऱ्या ताफ्याला सामोरे जाण्यासाठी निघून गेल्या. तेव्हा एवढ्या लांबवर सोबत पुरवण्याइतक्या नौकाच ब्रिटनजवळ नव्हत्या. जहाज वेगवान होते, एकटे सुटले असते तर कदाचित निसटलेही असते, पण वादळी हवेत ते संथ जहाजांच्या चालीने चालत राहिले आणि रात्री दहाच्या सुमारास यू-४८ या पाणबुडीचा टॉर्पेडो त्याला लागला. अर्ध्या तासात ते बुडाले. नियमाप्रमाणे बाकीची जहाजे पांगली. ‘हरिकेन’ ही विनाशिका पोहोचली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. ९० पैकी ७७ मुले गेली.

त्यातली बारा नंबरची लाइफबोट ‘हरिकेन’ला सापडलीच नाही. तिच्यात ४६ माणसे होती : सहा मुलगे, पियानो शिकवणाऱ्या मेरी कॉर्निश, एक पाद्री, काही अधिकारी आणि तीसहून अधिक भारतीय खलाशी. या बोटीला वल्ह्यांऐवजी दांडे होते. बाकांवर बसून ते पुढे-मागे ढकलले की पिछाडीचा पंखा फिरे. आपली माणसे अंगावर सुती कपडे घालून उत्तर अटलांटिकच्या त्या गारठ्यात बसली होती. पाणी घोटाघोटाने मिळे. आठ दिवसांनी सुंदरलँड विमानाने त्यांना पाहिले आणि ‘अँथनी’ या विनाशिकेने उचलले. वर्तमानपत्रांत सहा मुलांची छायाचित्रे छापून आली, ते योग्यच होते. पण त्या तीसजणांची नावे आज किती जणांना ठाऊक आहेत?

माझे सगळे म्हणणे इथे येऊन थांबते, मित्रा. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या माणसांत सुमारे चौथा हिस्सा आपल्या उपखंडातला होता. मुंबई बंदरातून भरती होणाऱ्यांत डेकवर रत्नागिरीकडचे पुष्कळ, सलूनमध्ये, म्हणजे जेवणाखाण्याच्या कामावर, गोव्याचे. सारंग, म्हणजे खलाशांचा मुख्य, गावातून माणसे आणी, त्याच्या हाताखालचा टंडेल त्यांच्याकडून काम करून घेई. गोऱ्या खलाशाच्या एक चतुर्थांशही पगार त्यांना मिळत नव्हता. १९३९ च्या हिवाळ्यात ब्रिटिश बंदरांत त्यांनी संप केले, त्यात कित्येक तुरुंगात गेले, तेव्हा कुठे पगार वाढला. आणि टॉर्पेडो लागतो तो पाण्याच्या पातळीखाली, जिथे इंजिन आणि बॉयलर असतात, म्हणजे आगवाला उभा असतो तिथे. तिथून वर यायला उभी लोखंडी शिडी. मी ती रोज चढलो आहे. दिवे चालू असताना आणि जहाज सरळ असतानासुद्धा वर पोहोचेपर्यंत धाप लागते.

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या सुमारे सहा हजार भारतीय व्यापारी खलाशांच्या नावांची वही तिथे ठेवलेली आहे. नोकरीच्या काळात मी त्या इमारतीवरून शेकडो वेळा गेलो, एकदाही आत शिरलो नाही. गणपतीनंतर तू मुंबईत येणार आहेस, तेव्हा एक सकाळ मोकळी ठेव. आपण दोघे जाऊ आणि मिळाली तर ती वही उघडून रत्नागिरीकडची नावे वाचू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच