खाजेचीही नोंद कार्डावर हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी निवृत्त आरोग्यसेविका. आमच्या भागातल्या मुली सातवा-आठवा लागला की मुंबईहून बाळंतपणाला माहेरी येतात आणि अजूनही गरोदरपणाचं तपासणी-कार्ड दाखवायला माझ्याकडे डोकावतात. मध्यंतरी अशीच एक आली. तळहात-तळपाय रात्रभर खाजत होते, डोळ्याला डोळा नव्हता. घरच्यांनी पित्त उठलं म्हणून अंगाला आमसुलाचं पाणी लावलं होतं. पण पित्ताच्या गांधी दिसतात. हिच्या अंगावर नखांच्या ओरखड्यांशिवाय काही नव्हतं.

शेवटच्या तिमाहीत पुरळ नसताना अशी खाज सुटली तर यकृताकडे बघायलाच हवं. पित्त नीट वाहत नाही, पित्ताम्लं (बाइल अ‍ॅसिड) रक्तात साठतात. याला गरोदरपणातला कोलेस्टेसिस म्हणतात. आईचा त्रास बाळंतपणानंतर जातो, काळजी असते ती बाळाची. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात रक्तातल्या पित्ताम्लाचा आकडा लिटरला १०० मायक्रोमोलच्या वर गेलेल्या बायकांत बाळ पोटात दगावण्याचं प्रमाण ३ टक्क्यांहून जास्त आढळलं. ४० च्या आत असलेल्यांत ते इतर बायकांइतकंच होतं. बाळंतपण कधी करायचं तेही या आकड्यावर ठरतं. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० च्या वर असेल तर ३५-३६ आठवड्यांना, ४० ते ९९ असेल तर ३८-३९ ला. त्याहून कमी असेल तर ४० आठवड्यांपर्यंत थांबता येतं. युर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सर्रास देतात, पण त्यांनी बाळाचा धोका टळतो असं सिद्ध झालेलं नाही. गोळी सुरू आहे म्हणून तपासणी थांबवू नये.

या मुलीची तपासणी मुंबईत झालेली होती. कार्डावर मात्र 'एलएफटी केली' (म्हणजे यकृताची रक्ततपासणी) एवढंच. तारीख नाही, एसजीपीटी (त्यातला यकृताचा एक आकडा) किती ते नाही, बाइल अ‍ॅसिड पाठवलं होतं की नाही तेही नाही. रिपोर्ट तिकडे घरी कपाटात. इथल्या डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, आणि बाइल अ‍ॅसिडचा नमुना तर बाहेरच्या शहरात जातो. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण याचा मला संताप येतो. हा आजार जोर धरतो त्याच आठवड्यांत आपल्याकडे बाई गाव बदलते, डॉक्टर बदलते. तिच्याबरोबर येतं ते फक्त कार्ड.

म्हणून डॉक्टर आणि आरोग्यसेविकांना माझी कळकळीची विनंती आहे. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या गरोदर बायकांच्या तपासणीत हिमोग्लोबिन, बीपी विचारता तशी खाजही विचारा. कितव्या आठवड्यात सुरू झाली ते लिहा, 'नॉर्मल' न लिहिता आकडे लिहा. पहिला रिपोर्ट चांगला आला तरी खाज राहिली तर आठवड्याभराने पुन्हा तपासा. कावीळ, ताप, उलट्या असतील तर हिपॅटायटिस ई आहे का ते बघा. गरोदरपणात तो जिवावर बेततो. जोखमीचा लाल स्टिकर लावलात तर तो कशासाठी तेही शेजारी लिहा.

डिस्चार्ज कार्डावरही हे यावं: किमान चार आठवड्यांनी एलएफटी पुन्हा करायची, पुढच्या खेपेला हा त्रास बहुतेकींना परत होतो, आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना हा आजार सांगायचा.

कळावे,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी