आधी राजा किती लांब ते बघ: आमच्या बुद्धिबळाच्या सरांना खुलं आभारपत्र

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

वजीर, हत्ती, उंट, घोडे उतरले आणि पटावर दोन राजे नि प्यादीच उरली, की बहुतेक खेळाडू एवढंच बघतात: कुणाची किती? सारखी असली की बरोबरीचा हात पुढे. तुम्ही तो प्रश्नच बदलून दिलात. जास्तीची प्यादी पटाच्या कुठल्या बाजूला आहेत, समोरचा राजा तिथून किती घरं लांब आहे, आणि पास प्यादं (ज्याच्या पुढे किंवा शेजारच्या पट्ट्यांत अडवणारं समोरचं प्यादं नाही असं) निघून वजीर व्हायला किती चाली लागतील, हे आधी. त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे मनापासून ऋणी आहोत. पत्र खुलं ठेवलंय ते इतर खेळणाऱ्यांनाही उपयोग व्हावा म्हणून.

तुमची पहिली पोझिशन आमच्यातला प्रत्येकजण डोळे मिटून मांडू शकतो. पांढरा राजा ई४ (अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या रांगेचा), प्यादी ए४, जी४, एच५. काळा राजा डी६, प्यादी ई५, जी५, एच६. दोघांची तीन-तीन, दोघांचं एकेक पास प्यादं, आणि काळ्याचं तर मधोमध, राजाच्या आधाराने उभं. खेळी पांढऱ्याची, आणि पांढरा सहज जिंकतो. ए५. आता काळा राजा ई६ ला जाऊन ई प्याद्यापाशीच थांबला, तर ए६, मग ए७, आणि त्याला गाठता येत नाही. म्हणून तो सी६ ला येतो. पांढरा ई५ वरचं प्यादं मारतो. काळा बी५, पांढरा एफ६, काळा ए५ वर मारतो, पांढरा जी६, आणि एच६, जी५ दोन्ही प्यादी पडतात. ए प्यादं वजीर व्हायला नव्हतंच; काळ्या राजाला पटाच्या टोकाला ओढून नेणं एवढंच त्याचं काम. मेजॉरिटी, म्हणजे पटाच्या एका बाजूला समोरच्यापेक्षा जास्त असलेली प्यादी, राजांपासून लांब हवी म्हणतात ती यासाठीच. मधल्या मेजॉरिटीतून निघालेल्या पास प्याद्याला राजा एका पावलात आडवा येतो.

मेजॉरिटी पुढे न्यायची कशी, हे तुम्ही फक्त तीन प्याद्यांवर दाखवलंत. पांढरी ए२, बी२, काळं ए७. ज्याच्या समोर शत्रूचं प्यादं नाही ते आधी, म्हणजे बी४. घाईने ए४ खेळलं तर काळा ए५ करतो आणि एकटं प्यादं दोघांना धरून ठेवतं. मग बी४ ढकललं तर काळा मारतो: आपलं ए प्यादं मोकळं झालं, पण त्याचंही बी प्यादं मोकळं. बरोबर क्रम असा: बी४, ए४, बी५, ए५, बी६. इथे काळ्याने मारलं तर वजीर व्हायला एकूण आठ चाली. नाही मारलं तर ए७ मारून सातच. पण आठमधली एक चाल मारामारीची, आणि तेव्हा काळ्याचीही एक चाल खर्च होते. म्हणजे शर्यतीचा हिशोब दोन्हीकडून सातच. अशी शर्यत मोजताना हमखास इथेच एक चाल चुकते.

दुहेरी प्याद्यांबद्दल थोडक्यात. रुय लोपेझ या सुरुवातीच्या एक्स्चेंज प्रकारात पांढरा उंट सी६ वरचा घोडा मारतो, काळा डी प्याद्याने सी६ वर मारतो आणि पुढे मधली प्यादी कटतात. मग पांढऱ्याकडे राजाच्या बाजूला ई, एफ, जी, एच अशी चार विरुद्ध तीन, आणि काळ्याकडे वजिराच्या बाजूला चार विरुद्ध तीन. पण त्या चारातली दोन सी पट्टीवर एकामागे एक, त्यामुळे पांढरा नीट खेळला तर पास प्यादं निघत नाही. नीट म्हणजे मुख्यतः ए, बी, सी प्याद्यांना उगाच हात न लावणं. काळं प्यादं सी५ वर असताना बी४ खेळलात, की तो मारतो आणि त्याची दुहेरी गाठ आपणच सोडवून देतो. अमेरिकेच्या बॉबी फिशरने १९६६ च्या हवाना ऑलिंपियाडमध्ये हाच प्रकार पुन्हा मैदानात आणला. तेव्हाचा विश्वविजेता लास्करने १९१४ साली सेंट पीटर्सबर्गला क्युबाच्या कापाब्लांकाविरुद्ध बाराव्या चालीला एफ५ खेळून स्वतःचं ई प्यादं मागे पाडलं, पण तेव्हा त्याला घोडा ई६ वर रोवायचा होता. घोडेच नसताना तीच चाल खेळली तर काळा राजा ई५ वर येऊन बसतो आणि अख्खी मेजॉरिटी गोठते. हा फरक तुम्ही दाखवलात म्हणून कळला, नाहीतर आम्ही लास्करची नक्कल करत बसलो असतो.

आणि सर्वांत मोठे आभार फोडीच्या (प्यादी बळी देऊन एका प्याद्याला वाट मोकळी करण्याच्या) पोझिशनसाठी. पांढरी ए५, बी५, सी५, काळी ए७, बी७, सी७. बी६! हे सगळ्यांना पाठ असतं: ए प्याद्याने मारलं तर सी६, सी प्याद्याने मारलं तर ए६, आणि एक प्यादं सुटतं. पण काळा राजा कुठे असताना? तुम्ही तो आधी जी८ वर ठेवलात, मग एकच घर सरकवून एफ८ वर. जी८ वर असताना फोड जिंकते. एफ८ वर असताना काळ्याने ए प्याद्याने मारलं तर तो हरतो. सी प्याद्याने मारलं, तर ए६, बी×ए६ (× म्हणजे मारणं), सी६ नंतर राजा ई७, सी७, राजा डी७, आणि प्यादं पडतं. पांढऱ्याने तीन प्यादी उधळली, हातात काही नाही. म्हणजे मारताना बघायचं ते हे, की सुटणारं प्यादं आपल्या राजाच्या बाजूला निघालं पाहिजे. पाठांतराने ही पोझिशन खेळणारे नेमके या एका घरावर फसतात.

घरच्या रांगेतली प्यादी शक्य तितकी न हलवता ठेवायची सवयही तुमचीच. एक घर की दोन, ही निवड शिल्लक असली की ऑपोझिशनच्या वेळी (दोन राजे समोरासमोर, मध्ये एकच घर, आणि ज्याची चाल त्याला बाजूला व्हावं लागतं) एक जादा चाल खिशात राहते.

एक विनंती आहे. एफ८ ची पोझिशन नव्या मुलांसमोर मांडताना उत्तर आम्ही सांगणार नाही, "आता कुठल्या प्याद्याने मारशील?" हे तुम्हीच येऊन विचारा. पट, प्यादी आणि चहा आमच्याकडे.

आपले नम्र,
रविवारच्या वर्गातले विद्यार्थी आणि पालक