डोहाकाठचे तंबू मागे घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

होळीच्या सुटीत आमच्या गावाजवळच्या नाल्यावर शहरातून चाळीसेक जणांचा गट मुक्कामाला आला होता. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या आत मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाहीत, म्हणून चिखलदरा तालुक्यात हे गट जंगलाला लागून असलेल्या मालकीच्या वावरांत उतरतात. वावर नाल्याच्या काठाला, आणि नाल्यात या दिवसांत पाणी उरतं ते फक्त डोहात. दोन रात्री डोहाला अगदी चिकटून तंबू होते. भांडी डोहात घासली, साबण लावून आंघोळी डोहातच झाल्या, उरलेला भात आणि रस्सा पाण्यात ओतला. ते गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी गावचा ढोरकी, म्हणजे गुराखी, दारात येऊन म्हणाला, "गुर्जी, डोहातल्या मासोया वर आल्या जी." जाऊन पाहिलं तर बोटभर मासळी पोट वर करून काठाला लागली होती. बाया पाण्याला आल्या होत्या, त्या हंडे रिकामेच घेऊन परतल्या. त्या दिवसापासून हे पत्र मनात होतं.

गेल्या मे महिन्यात मी हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात पाच दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. आम्ही 22 जण होतो. वर देवदाराचं रान, खाली ट्राउट माशासाठी नावाजलेली तीर्थन नदी. ही नदी ज्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून उतरते, त्याला 2014 साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. ट्राउट तिथला मूळचा नाही. युरोपातला हा मासा इंग्रजांनी आणून डोंगरातल्या पाण्यात सोडला. त्याला थंड, खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, पाणी 20 अंशांच्या वर तापलं की तो कासावीस होतो. मादी हिवाळ्यात तळाच्या खड्यांत खळगा करून अंडी घालते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउट धरायला बंदी असते आणि इतर महिन्यांतही परवान्याशिवाय गळ टाकता येत नाही.

पोचल्या पोचल्या शिबिर चालवणाऱ्या तिथल्याच तरुणाने आम्हाला नदीपासून 70 पावलं मोजायला लावली. साधारण 200 फूट. त्याच्या अलीकडे तंबू नाही, चूल नाही, साबण नाही. पाणी बादलीने वर न्यायचं, भांडी वर घासायची, ते सांडपाणी मातीत जिरवायचं. शौचासाठी वीतभर खोल खड्डा, तोही नदीपासून तेवढाच दूर, वापरून झाला की मातीने बुजवायचा. आमच्यातल्या एकाने नदीत हात धुतले तर त्या पोराने शांतपणे पण सगळ्यांसमोर टोकलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

बाहेरून आणलेल्या माशासाठी एवढी शिस्त पाळली जाते, आणि आपल्या मेळघाटच्या पाण्यात तर महाशीर आहे, इथलाच, आपल्या नद्यांचा. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाचही नद्या पुढे तापीला मिळतात. (सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. नदीला झाडाचं नाव देणाऱ्या लोकांचा हा मुलूख आहे.) महाशीर पावसाळ्यात पुराच्या पाण्यावर प्रवाहाच्या उलट चढून गोट्यावाळूत अंडी घालतो. चिखलदऱ्याला सर्वांत जास्त गर्दी होते तीही नेमकी त्याच दिवसांत. पुढे उन्हाळ्यात धार तुटली की लहानमोठी सगळी मासळी डोहात गोळा होते. साबणाच्या पाण्याने माशाचे कल्ले खराब होतात, आणि कुजणारं अन्न पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. वाहत्या पाण्यात हे पातळ होऊन पुढे जातं, डोहात ते तिथेच साचतं. शिवाय त्याच डोहावर रात्री सांबर येतं, गवा येतो, अस्वल येतं. तिथे रात्रभर दिवे आणि स्पीकर चालू असले तर ही जनावरं तहानलेलीच मागे फिरतात. शेकोटीचं तर मनाला पटतच नाही. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम, सागाचा पाला वाळून चुरा झालेला, आणि गाव मोहफुलं वेचायला रानात गेलेलं असतं.

शिबिरं बंद करा असं माझं म्हणणं नाही. आमच्या गावची चार पोरं त्यावर कमावतात, वावराच्या मालकाला चार पैसे मिळतात, आणि शहरातल्या लेकरांनी जंगलात एक रात्र काढावी असं मला मनापासून वाटतं. आयुष्यभर शाळेत शिकवलं आहे, वर्गाबाहेर पोरं किती शिकतात ते मी पाहिलं आहे. पण गट वीस-पंचवीसचाच असावा, तंबू पाण्यापासून 70 पावलं मागे असावेत, साबण डोहात उतरू नये, आणि होळीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत डोहाकाठी मुक्काम नकोच. भर पावसाळ्यात पर्यटकांनी या नाल्यांत गळ टाकू नये.

हे ठरवायला मुंबईहून आदेश यायची गरज नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने जंगलातले पाणलोट आणि पाण्याचे स्रोत जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके पेसाखालीही, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालीही, येतात. येत्या 1 मेच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. ढोरकी अनुमोदन देणार आहे, तसं त्याने कबूल केलं आहे. नाल्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या गावांनीही त्याच दिवशी हा विषय घ्यावा, कारण पाणी एकच आहे. वनविभागाने त्या दिवशी आपला माणूस सभेला पाठवावा, आणि ठराव झाला तर डोहाजवळ मराठी व कोरकू अशा दोन्ही भाषांत फलक लावून द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. चिखलदरा, जि. अमरावती