सूचना : शिक्षक असलेल्या पालकांसाठी, सध्याच्या राजकीय वादांबाबत

वर्गात ‘सर, तुम्ही कोणाच्या बाजूचे?’ असं कुणी विचारलं तर स्वतःचं मत सांगू नका. ‘तुला काय वाटतं, ही माहिती कुठून मिळाली?’ असं विचारा. वाद चिघळलाच तर चर्चा थांबवून प्रत्येकाला दोन मिनिटं आपला मुद्दा वहीत लिहायला लावा. लिहिताना कुणाला उलट उत्तर द्यायचं नसतं, म्हणून आवाज खाली येतो.

घरी मत लपवायची गरज नाही, मुलांना ते कळतंच. मात्र ‘ती माणसंच वाईट’ असं त्यांच्यासमोर कृपया बोलू नका. मधल्या सुट्टीत ते वाक्य तुमच्या नावावर फिरतं. मूल तुमच्याच शाळेत असेल तर जास्तच जपा.

पालकांच्या ग्रुपवर राजकीय मेसेजला उत्तर देऊ नका. अगदीच गरज वाटली तर त्या पालकांना फोन करा.